उजवी वृत्तटीका : अमेरिकेतील आणि आपल्याकडील

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘पुराणमतवादी’, ‘सनातनी’, ‘स्थितिवादी’ असे प्रतिशब्द रूढ आहेत. परंतु अमेरिकेच्या राजकारणावरील व तेथील वृत्तपत्रसृष्टीवरील उजव्या विचारांचे लेखन वाचू लागताच यांपैकी एकही पुरा पडत नाही, असे दिसून येते. ‘सनातनी’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात १८९१ च्या संमतिवयाच्या वादातील एक पक्ष उभा राहतो. अमेरिकेतील उजव्या टीकाकारास मात्र जे जतन करावयाचे असते त्यात धर्म आणि कुटुंब यांच्या जोडीला खाजगी मालमत्ता, खुला व्यापार व सरकारी सत्तेची मर्यादा यांचाही समावेश होतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील युरोपात ज्यास उदारमतवाद म्हणत, त्याचाच बराचसा भाग. आपल्याकडे उदारमतवादी म्हणून गौरविले गेलेले न्यायमूर्ती रानडे तर देशी उद्योगांना सरकारने हात द्यावा, असे प्रतिपादन करीत. तेव्हा शब्दांच्या मागे न लागता ही टीका कोणी व कशाकरिता लिहिली, हे पाहणेच अधिक फलदायी ठरेल.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. बंगळूरहून ‘माइसइंडिया’ नावाचे एक इंग्रजी साप्ताहिक निघत असे. रशियाविरोधी आणि उघडपणे अमेरिकेच्या बाजूचे असे हे पत्र नेहरूंच्या आर्थिक धोरणावर सातत्याने प्रहार करी. त्याचे संपादक फिलिप स्प्रॅट हे जन्माने इंग्रज. १९२६ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले ते मात्र कम्युनिस्ट चळवळीचे काम करण्याकरिता. १९२९ साली मीरत कटाच्या खटल्यात डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर या मुंबईच्या पुढाऱ्यांबरोबर ते पकडले गेले. सुटकेनंतर त्यांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले, ते बेळगावच्या किल्ल्यात. तुरुंगातील वाचनाने त्यांची कम्युनिझमवरील श्रद्धा ढासळत गेली. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात काही वर्षे काम करून ते बंगळूरला स्थायिक झाले. अखेरीस राजाजींच्या ‘स्वराज्य’ या मद्रासच्या साप्ताहिकाचे संपादनही त्यांनी केले.

स्प्रॅट यांचे उदाहरण एकटे नाही. १९२२ साली डांग्यांच्या ‘सोशालिस्ट’ पत्राला द्रव्यबळ पुरविणारे मुंबईचे रणछोडदास लोटवाला हेच उत्तरायुष्यात ‘इंडियन लिबर्टेरियन’ या पत्राचे आधारस्तंभ झाले. १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी मिनू मसानी यांनी १९५२ साली मुंबईहून ‘फ्रीडम फर्स्ट’ सुरू केले, आणि १९५९ साली ते राजाजींच्या स्वतंत्र पक्षात अग्रभागी होते. अमेरिकेतही हेच घडत होते. विल्यम बकली यांनी १९५५ साली काढलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’चे जेम्स बर्नहॅम, फ्रँक मेयर, व्हिटेकर चेंबर्स हे बिनीचे लेखक एके काळचे कट्टर डावे होत. पूर्वाश्रमीच्या सोबत्यांशी चाललेला हा वाद असल्याने दोन्हीकडच्या लेखनात एक प्रकारची धार आहे. त्याचबरोबर एक उणीवही आहे. आपल्याकडील या लेखकांच्या दृष्टीने अमेरिका हा देश असण्यापेक्षा रशियाला दिलेले उत्तर होता. त्यामुळे तेथील अंतर्गत कलहाकडे त्यांचे लक्ष फारसे वळले नाही. १९५७ साली ‘नॅशनल रिव्ह्यू’ने दक्षिणेकडील गोऱ्यांच्या वर्चस्वाची अग्रलेखातून पाठराखण केली होती. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांच्या प्रांतात तरी या गोष्टीची अधिक चर्चा व्हावयास हवी होती.

या लेखनावरील सर्वांत मोठा आक्षेप पैशाचा होता. १९५० साली बर्लिन येथे स्थापन झालेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेची भारतीय शाखा १९५१ च्या मुंबई परिषदेतून उभी राहिली. तिचे चिटणीसपद स्प्रॅट यांच्याकडे होते, आणि ‘फ्रीडम फर्स्ट’ हे तिचेच पत्र. मूळ संस्थेला अमेरिकन गुप्तचर खात्याकडून द्रव्य मिळत असल्याचे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले. मानद अध्यक्षांत जयप्रकाश नारायण यांच्यासारखी माणसे असलेल्या संस्थेला हा आघात मोठाच होता. ही लेखणी विकत घेतलेली होती काय? स्प्रॅट किंवा मसानी यांची मते त्या पैशाच्या आधीच बनलेली होती, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट आहे. परंतु वाचकाला मत आणि त्यामागचा आश्रयदाता हे दोन्ही कळण्याचा अधिकार असतो. तो येथे डावलला गेला, आणि दुसऱ्यांच्या प्रचारावर टीका करणाऱ्यांच्या बाबतीत हा दोष अधिकच जड वाटतो.

अमेरिकेत उजव्या टीकेचा रोख पुढे थेट वृत्तमाध्यमांवर आला. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी डे मॉइन येथील भाषणात दूरचित्रवाणीवरील वार्ता मूठभर समान विचारांच्या लोकांच्या हाती असल्याचा आरोप केला. त्या आरोपात तथ्यांश असेलही. पण आरोप करणारा स्वतः सत्तास्थानी होता. १९८७ साली वादग्रस्त विषयांवर दोन्ही बाजू मांडण्याचे प्रक्षेपकांवरील बंधन उठले, १९८८ पासून रश लिंबॉ यांचा नभोवाणी कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला आणि १९९६ साली ‘फॉक्स न्यूज’ अवतरले. माध्यमांवरील टीका हेच आता एक माध्यम बनले.

मुंबईत याच्या नेमके उलट घडले. आणीबाणीत ‘फ्रीडम फर्स्ट’चा मजकूर सेन्सॉरने नाकारला, तेव्हा मसानी उच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलावयास लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. ज्या पत्राच्या स्वातंत्र्याविषयी नऊ-दहा वर्षांपूर्वी शंका घेतली गेली होती, त्याच पत्राच्या खटल्यातील या निकालाचा आधार वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या चर्चेत पुढे वारंवार घेतला गेला. स्प्रॅट तो पाहावयास नव्हते. १९७१ सालीच मद्रासला त्यांचे निधन झाले होते.