असं का? : रात्रीतून गाडी का बसते?

लोणावळ्यात रात्रभर पाऊस कोसळतो आणि सकाळी बंगल्यापुढची महागडी गाडी एका अंगाला कललेली दिसते. टायर मात्र ठणठणीत!

अशा गाडीत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने फुगलेल्या रबरी पिशव्या असतात. व्होल्वो बसमध्येही त्याच. पिशवी झिरपली की उंचीचा सेन्सर खबर देतो, कंट्रोल युनिट रिले (विजेचा स्विच) चालू करते, कॉम्प्रेसर हवा भरतो. ही विजेची साखळी तुटली, तर बसलेली गाडी उठत नाही.

मावळातला ओलावा कनेक्टरमध्ये शिरतो, तांब्यावर हिरवट थर चढतो. मग मल्टीमीटर 12 व्होल्ट दाखवतो, तरी कॉम्प्रेसर गप्प! तुंबलेल्या नळासारखंच हे: तोटी बंद असताना दाब पुरेपूर, उघडली की धार बारीक. म्हणून व्होल्टेज कॉम्प्रेसरला वीज दिलेली असतानाच मोजायचं. बॅटरीपाशी 12 आणि कॉम्प्रेसरपाशी 9 भरले, तर चोर मधल्या वायरीत, रिलेत किंवा अर्थिंगमध्ये.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड फ्यूज घालणं हा शुद्ध आगाऊपणा. फ्यूज उडतो, कारण गळक्या पिशवीपायी कॉम्प्रेसर अखंड राबून निकामी झालेला असू शकतो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळती दाखवतात.

आणि भक्कम स्टँड लावल्याशिवाय अशा गाडीखाली शिरू नका. ती कधीही खाली बसू शकते.