कर्सर अक्षरावर असतो की फटीत?

श्रोतेहो, मागच्या वेळी एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला विम एडिटरची गोडी कशी लागली. आज त्याचं उत्तर देतो, पण थोड्या आडवाटेने.

विम हा मोडल एडिटर. बिल जॉय यांनी १९७० च्या दशकात लिहिलेल्या व्हीआयचा हा वारस. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. मोडल म्हणजे काय, तर कळ तीच, अर्थ अवस्थेवर. नॉर्मल मोडमध्ये कळ ही आज्ञा असते, इन्सर्ट मोडमध्ये नुसतं अक्षर.

आता ‘कमल’ हा शब्द घ्या. नॉर्मल मोडमध्ये कर्सर अक्षरावर बसतो, म्हणजे त्याला बसायला जागा तीन. पण नवा मजकूर घालायच्या फटी मोजा. क च्या आधी, ल च्या नंतर आणि मधल्या दोन, अशा चार! तीन जागांवरून चार फटी गाठायच्या म्हणून विममध्ये दोन आज्ञा आहेत: ‘आय’ अक्षराच्या आधी घालते, ‘ए’ नंतर. आम्हाला इथे ॲरिस्टॉटल आठवतो. ‘आत्ता’ हा काळाचा अंश नाही, ती सीमा आहे, असं तो म्हणतो. नॉर्मल मोडमधला कर्सर अंशावर असतो, इन्सर्ट मोडमधला सीमेवर. हा भेद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि तरी त्यातच फसलो.

झालं असं. एका दिवंगत सहकाऱ्याची हस्तलिखित टिपणं आम्ही टंकून घेत होतो. त्यांच्या घरच्यांना शब्द दिला होता की अक्षर बदलणार नाही. जिथे वाचन शंकास्पद, तिथे शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकू. हे वारंवार करायचं, म्हणून एफ-टू कळीला आज्ञांची माळ जोडली: ‘ई’ने शब्दाच्या शेवटी जा, ‘ए’ने पुढे लिहा, खूण टाका, एस्केप. चाळीसेक पानं झाल्यावर लक्षात आलं, की शंका होती ‘अनुभव’ या शब्दाची आणि खूण बसली पुढच्या ‘मात्र’वर! कर्सर आधीच शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर असेल, तर ‘ई’ तिथे थांबत नाही, पुढच्या शब्दाचा शेवट गाठते. आज्ञेचं काही चुकलं नव्हतं. ‘शेवटी जा’ आणि ‘पुढचा शेवट शोध’ यांतला फरक आम्ही पाहिला नव्हता, इतकंच. मग सगळी पानं मूळ वह्यांशी पुन्हा ताडून पाहावी लागली.

उपाय छोटा आहे. ‘ई’ऐवजी ‘व्ही, आय, डब्ल्यू’ द्यायचं. त्याने कर्सर शब्दात कुठेही असला तरी तोच शब्द निवडला जातो. मग एस्केप, कर्सर त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर राहतो. त्यानंतर ‘ए’, खूण, पुन्हा एस्केप. (जोडणी करताना ‘नोरीमॅप’ प्रकार घ्या, साधा ‘मॅप’ नको, नाहीतर माळेतल्या एखाद्या कळीला तुम्ही आधी दिलेला दुसरा अर्थ मधेच घुसतो.)

शंका दोन शब्दांची मिळून असेल, तर मात्र ही कळ कामाची नाही. तिथे आम्ही दुसऱ्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतः जातो, ‘ए’ दाबतो आणि खूण हाताने टाकतो.