कचेरीच्या दारातली मिसळ

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद. ठाणे स्टेशनजवळच्या तहसीलदार कचेरीत खेटे घालणाऱ्यांना वर्षानुवर्षं आधार आहे तो शेजारच्या मामलेदार मिसळीचा. १९४६ साली नरसिंह मुर्डेश्वर यांनी हे उपाहारगृह सुरू केलं आणि पुढे त्यांचे चिरंजीव लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी ते नावारूपाला आणलं. घराणं कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं, पण दुकानाला नाव मिळालं ते शेजारच्या तहसीलदार, म्हणजेच मामलेदार कचेरीचं. आज ठाणेकर पाहुण्यांना अभिमानाने तिथेच नेतो.

बशीत शिजवलेले वाटाणे, त्यांवर फरसाण, वरून पातळ लालभडक रस्सा. बाजूला कांदा आणि पाव. कोल्हापुरी मिसळीत मोडाची मटकी असते, पुण्यात पोहेही पडतात. इथे तसली भर नाही, आणि मला तेच आवडतं. सगळी मदार रश्श्यावर. फरसाण कुरकुरीत आहे तोवर पहिले चार घास घ्यावेत; नंतर ते रस्सा पिऊन मऊ होतं आणि चव बदलते. दोन्ही चवी हव्याहव्याशा. तिखट, मध्यम की कमी, हे आधीच सांगायचं.

तिखट मागवलीत तर कपाळावर घाम येणारच. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात उतरतात, म्हणून तर्री वर तरंगते आणि पहिल्याच घासाला झणका देते. त्यावर पाणी पिऊन काही होत नाही, कारण तो जाळ पाण्यात विरघळत नाही. ताक मात्र लागू पडतं; दुधातली प्रथिनं तो जाळ जिभेवरून सोडवून नेतात.

मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांमुळे ती आपल्याकडे रुजली आणि त्याच सुमाराच्या सागरी व्यापारातून कोरियातही पोचली. सोलच्या गल्लीतल्या छोट्या खाणावळीत मुरलेल्या किमचीचा लाल, उकळता रस्सा, म्हणजे किमची जिगे, भाताबरोबर खातात. तिथल्या माणसालाही दमल्यावर तोच आठवतो. त्याला ठाण्यात आणलं तर मी याच दुकानात नेईन. इथली चव त्याला परकी वाटणार नाही.

आता शाखा निघाल्या आहेत, पण जायचं तर कचेरीजवळच्या जुन्या जागीच जावं. बसायला जागा थोडी, गर्दी फार, टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसतो आणि दोघांची नाकं एकदमच वाहू लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्यम मागवावी, आणि ताक सोबतच सांगून ठेवावं.