न पाहिलेल्या गावाची आठवण

ज्या गावी आपण कधी गेलोच नाही, त्या गावाची आठवण येऊ शकते का? येते! मेरियन हर्श या विदुषीचा जन्म १९४९ चा, म्हणजे महायुद्ध संपल्यानंतरचा. त्यांचे ज्यू आईवडील चेर्नोवित्स शहरात नाझी काळातून जिवंत वाचले. आईवडिलांच्या बोलण्यातून त्या शहराचे रस्ते मेरियनबाईंच्या मनात असे वसले, की ते आपलेच वाटावेत. पुढे १९९८ मध्ये त्या आईवडिलांसोबत प्रत्यक्ष तिथे गेल्या. मागाहून, दुसऱ्याकडून आपल्याकडे आलेल्या अशा आठवणीला त्यांनी नाव दिलं ‘पोस्टमेमरी’.

ही आठवण नुसत्या गोष्टींतून येत नाही. पानात भाकरीचा तुकडा राहिला की कावरीबावरी होणारी आई, दारावर थाप पडताच दचकणारे वडील आणि एखाद्या नावापाशी अचानक थांबणारं बोलणं, हे सगळं मूल टिपत असतं. कारण कळत नाही, पण भीती मात्र पोचते. चित्रकार आर्ट स्पीगलमन यांनी तर वडिलांना बोलतं करून, नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतून वाचलेल्या त्यांच्या आयुष्यावर ‘माउस’ हे चित्रपुस्तक काढलं. त्याला १९९२ मध्ये पुलित्झर सन्मान मिळाला. पण त्यांच्या आईच्या आठवणींच्या वह्या वडिलांनीच जाळून टाकल्या होत्या. मुलाच्या वाट्याला आठवणीबरोबर तिच्यातलं भगदाडही आलं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याजवळच्या आपल्या पुनावळ्यावरून जाणारा मुंबई-बेंगळुरू महामार्ग धरून दक्षिणेला निघालात, की काही तासांत कोल्हापूर येतं. त्याच्या शेजारच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांतले बहुतेकजण ज्यू नव्हते. त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं ते स्टालिनच्या राजवटीने. तिथून सुटून, इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोचले. वळिवड्याच्या बराकींत त्यांनी शाळा चालवली, चर्च उभारलं, नाटकं केली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी वळिवडे ऐकलं ते पोलिश भाषेत. आज वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे!

खरं नवल पुढेच आहे. पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडावं लागलेली कुटुंबं आली. आज कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. एकाच जमिनीवर लागोपाठ दोन बेघर समाज येऊन राहिले, आणि दोघांच्याही मुलांना न पाहिलेल्या घराचा वारसा मिळाला.

त्यासाठी कोल्हापूरपर्यंतही जायला नको. पुनावळ्याहून जवळच पिंपरी कॅम्प आहे. तोही सिंधी निर्वासितांनीच वसवलेला. तिथल्या दुकानांत आज बसणाऱ्या कितीतरी जणांनी सिंधू नदी पाहिलेली नाही, पण ती त्यांच्या घरात आहे. आणि पुनावळ्याच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या आजीकडे असंच एखादं सुटलेलं गाव असेल!

हे गाव कागदावर नसतं, ते माणसाबरोबर जातं. म्हणून या रविवारी आजीजवळ बसा, तिच्या गावाचं नाव विचारा. मग मध्ये न बोलता ऐका. ती जिथे गप्प होईल, तिथेही ऐकत राहा.