कुठली पाचवी गल्ली?

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ‘सीबीएस’वर, ट्रंका-पिशव्या घेतलेली पोरं-पोरी उतरू लागतात. कुणी चंदगडचं, कुणी जतचं, कुणी निपाणीकडचं. कॉट बेसिसवर मिळालेल्या खोलीचा पत्ता मोबाइलमध्ये असतो. रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं जातं, “पाचवी गल्ली.” त्याचा प्रश्न तयार असतो, “कुठली पाचवी?”

आकड्यांच्या गल्ल्या इथं दोन ठिकाणी आहेत. शाहूपुरी स्टँडला चिकटूनच; शाहू महाराजांनी 1895 मध्ये व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. राजारामपुरी रेल्वे रुळांच्या पलीकडे. तिकडं जायला परीख पुलाखालून जाता येतं, पण जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी साचतं आणि वळसा घ्यावा लागतो.

गल्लीचं निभावतं, नावांचं काय? या शहरानं आपल्या छत्रपतींची नावं इतक्या मायेनं वापरलीत, की नवख्याची पंचाईत होते. शाहूपुरी, शाहूनगर, शाहू नाका, शाहू मैदान, शाहू स्मारक भवन. राजारामपुरी, राजाराम कॉलेज, राजाराम तलाव, राजाराम कारखाना. त्यातही राजाराम एक नव्हेत. 1880 च्या राजाराम कॉलेजचं नाव 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारलेल्या राजाराम महाराजांचं. राजारामपुरी वसली ती शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम यांच्या कारकिर्दीत. शिवाजी पेठ जुन्या गावात पश्चिमेला, तर 1962 मध्ये स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ पार दुसऱ्या टोकाला, सागरमाळाकडं. तेव्हा कोल्हापुरात नावाचा पहिला भाग सोडून द्यावा आणि शेवटचा नीट ऐकावा.

पाटीवरचं नाव आणि बोलण्यातलं नाव यांचाही मेळ नसतो. पाटीवर ताराराणी चौक, चौकात ताराराणींचा अश्वारूढ पुतळाही. पण लोकांच्या तोंडी कावळा नाकाच. वेशी केव्हाच गेल्या, गंगावेश आणि रंकाळावेश मात्र पत्त्यात ठाण मांडून आहेत. विचारावं तर उत्तर येतं, “अस्सं सरळ जावा, मिरजकर तिकटीला डाव्या हाताला वळा.” (तिकटी म्हणजे तिठा.) सांगणारी मुलगी शेवटी “चला, मी जातो” म्हणाली, तर दचकू नये; इथल्या बायका-मुली अशाच बोलतात.

बाहेरगावचं पोर कोल्हापुरात बावरतं, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी ओळखलं होतं. खेड्यातल्या मुलाला शाळा मिळाली तरी राहायचं कुठं, जेवायचं कुठं, हा प्रश्न मोठा होता. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. पण परक्या गावात उतरलेल्या मुलाला एक दार ठाऊक असे, आणि पुढची वाट तिथली थोरली मुलं दाखवत. यातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढं 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीत बसवलं.

आज विद्यापीठाची वसतिगृहं आहेत, पण सगळ्यांना जागा पुरणं शक्य नाही. उरलेली मुलं राजारामपुरी, राजेंद्रनगर, सायबर चौकाच्या आसपास खोल्या घेतात, खानावळ लावतात, केएमटीच्या, म्हणजे शहर बसचा पास काढतात. थोरल्या मुलांची जागा मोबाइलच्या नकाशानं घेतली आहे. त्याला रस्ता कळतो. पण कंडक्टर ओरडतो ते नाव कुठल्या चौकाचं, हे त्याला नेहमी सांगता येतंच असं नाही.

महापालिकेनं आणि विद्यापीठानं मिळून एक सोपं काम करावं. लोकांच्या बोलण्यातली चौकांची, तिकटींची, गल्ल्यांची नावं आणि कॉलेजं दाखवणारा एक मोठा नकाशा सीबीएसवर लावावा. खर्च फारसा नाही, आणि जून उजाडायच्या आत होण्यासारखं आहे.