जुन्या नाण्याचें खरें मोल

बारामती-इंदापूरच्या बाजूला शेत नांगरतांना एखादा काळवंडलेला तांब्याचा पैसा मातींतून वर यावा, कोणीं तो घरीं आणून चिंच-मीठ लावून लख्ख घासावा आणि मग मोठ्या हौसेनें जाणकाराला दाखवावा, अशी कल्पना करावी. पैसा चकाकतो खरा. परंतु ज्या अक्षरांवरून त्याची ओळख पटावयाची, तींच झिजून गेलेलीं असतात. घासण्याच्या या हौसेनें नाण्याचें जेवढें नुकसान होतें, तेवढें शेंकडों वर्षें मातींत राहूनही पुष्कळदां होत नाहीं.

हा मुलूख जुन्या नाण्यांना अनुकूल आहे. बारामती तालुक्यांतील सुपें हें शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीचें ठाणें. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोंगल व मराठे अशा अनेक सत्तांचा संबंध या भागाशीं आला. पण घरोघरीं देवांच्या डब्यांत विशेषेंकरून जपलेलें नाणें म्हणजे शिवराई. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' हीं अक्षरें तीन ओळींत, तर दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं अक्षरें दोन ओळींत असतात.

महाराजांचें नांव आहे म्हणून नाणें महाराजांच्याच वेळचें, ही समजूत मात्र चुकीची आहे. राज्याभिषेक १६७४ सालीं झाला; शिवराई त्यानंतर एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' ही पेशवाईंतली. म्हणून अक्षरांचें वळण, वजन व चिन्हें हीं सर्व ताडून पाहावीं लागतात. नाणीं हातानें ठोकलेलीं असत. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळें कांहीं अक्षरें चकतीबाहेरच राहत. सगळीं अक्षरें उमटलेल्या शिवराईस अधिक किंमत येते ती यामुळेंच.

पेशवाईंत बारामती हें बाबूजी नाइकांचें गांव होतें. त्या काळीं निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारांत चालत. सराफ नाद ऐकून व कस पाहून बट्टा ठरवीत. सराफाला चांदी किती हें पाहावयाचें असे. संग्राहकाला नाणें कोणाचें, केव्हांचें व कोठें सांपडलें, हेंही पाहावें लागतें.

'कोठें सांपडलें' या प्रश्नाचें महत्त्व नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथील ठेव्यावरून कळतें. १९०६ सालीं तेथें नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं एकत्र मिळालीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाची सत्ता सातवाहनांनीं मोडल्याचा हा ढळढळीत पुरावा. तींच नाणीं मुशींत गेलीं असतीं, तर चार पैशांची चांदी हातीं लागून इतिहासाचें एक पान कायमचें हरवलें असतें.

म्हणून नवशिक्यानें नाणें घासूं नये. सुटी माती मऊ कुंचल्यानें झाडावी. प्रत्येक नाणें स्वतंत्र कागदी पाकिटांत ठेवून त्यावर गांव, तारीख व वजन लिहावें. कडेला कानशीचे ओरखडे किंवा पृष्ठावर ओतकामाचे बारीक खड्डे दिसल्यास नकलेचा संशय घ्यावा. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा मिळाल्यास १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टराला वर्दी देणें बंधनकारक आहे. हा नियम पाळल्यानें संग्राहकाच्या छंदाचें नुकसान होत नाहीं. ठेवा फुटण्यापूर्वीं त्याची नोंद होते, आणि पुढच्या अभ्यासकाला नाण्याबरोबर त्याची हकीकतही मिळते.