मोठा कॅम म्हणजे मोठी ताकद? कॅमशाफ्टच्या निवडीतले आठ गैरसमज

आठवडाभर रस्त्यावर वापरायची आणि सुटीच्या दिवशी पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या ड्रॅग पट्टीवर पळवायची, अशी गाडी स्वतःच्या हाताने बांधण्याची अमेरिकेत जुनी परंपरा आहे. तिथली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली. या मंडळींचे लाडके इंजिन म्हणजे शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८. ते १९५५ मध्ये २६५ घनइंचांचे आले आणि १९६७ मध्ये त्याचा ३५० घनइंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचा अवतार आला. हा विषय आपल्यालाही परका नाही. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी परदेशी मोटार कंपन्यांनाही कॅमशाफ्ट पुरवते.

एवढे असूनही इंजिनातल्या ज्या भागाबद्दल सर्वांत जास्त ऐकीव गोष्टी चालतात, तो भाग हाच. कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे आपल्या फुगीर लोबांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. तो ताकद निर्माण करत नाही. इंजिनाने कोणत्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, चांगला श्वास घ्यायचा, एवढेच तो ठरवतो. हे ध्यानात ठेवले की पुढचे गैरसमज गळून पडतात. त्यासाठी ३५० स्मॉल ब्लॉकचेच उदाहरण घेऊ.

गैरसमज १ : कॅम जितका मोठा, तितकी ताकद जास्त.

वस्तुस्थिती : मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वेगाने आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा जोर असतो. म्हणून जास्त आरपीएमला पिस्टन तळ गाठून वर निघाला, तरी मिश्रण आत येतच राहते आणि उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा फायदा होतो. कमी आरपीएमला मिश्रणात तो जोर नसतो. वर येणारा पिस्टन तेच मिश्रण उघड्या व्हॉल्व्हमधून मागे ढकलतो. थोडक्यात, मोठा कॅम वरची ताकद देताना खालची काढून घेतो.

कॉम्प कॅम्स या कंपनीच्या एक्सई मालिकेत हे स्पष्ट दिसते. ३५० साठी एक्सई २६२ ची कामाची पट्टी १,३०० ते ५,६०० आरपीएम दिलेली आहे, एक्सई २६८ ची १,६०० ते ५,८०० आणि एक्सई २८४ ची २,३०० ते ६,५००. आता गाडीचा हिशेब करा. मागच्या अॅक्सलचा रेशो ३.०८, टायर २७ इंच उंचीचा आणि टॉप गिअर एकास एक असेल, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन जेमतेम २,४०० आरपीएमवर फिरते आणि ताशी ५० ला १,२०० वर. म्हणजे एक्सई २८४ बसवलेली ही गाडी शहरात टॉप गिअरला कॅमच्या पट्टीत येतच नाही. सिग्नलवरून निघताना पिकअप गेल्यासारखा वाटतो आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो.

गैरसमज २ : उभ्या गाडीचे इंजिन गदगदले, म्हणजे आत दमदार कॅम आहे.

वस्तुस्थिती : ती गदगद ओव्हरलॅपची असते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी काही क्षण एक्झॉस्ट आणि इनटेक हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत मंद फिरत असताना, इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. त्यामुळे जळलेला वायू उलटा आत ओढला जातो, ताज्या मिश्रणात मिसळतो, आणि अधूनमधून एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही. आपण ऐकतो तो हाच अडखळता ठोका.

ओव्हरलॅप कागदावर काढता येतो. इनटेक आणि एक्झॉस्टच्या जाहीर ड्युरेशनची (व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो त्याची) बेरीज करून तिला ४ ने भागा, त्यातून लोब सेपरेशनचा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला, कोन वजा करा आणि उत्तर दुप्पट करा. एक्सई २६८ ची ड्युरेशन २६८ आणि २८० अंश, लोब सेपरेशन ११० अंश, म्हणून ओव्हरलॅप ५४ अंश. एक्सई २८४ ची ड्युरेशन २८४ आणि २९६, लोब सेपरेशन तेच, म्हणून ७० अंश. जास्त आरपीएमला आणि नीट जुळवलेल्या हेडर्सबरोबर (एक्झॉस्टच्या नळ्यांबरोबर) हा ओव्हरलॅप सिलिंडर साफ करायला मदत करतो. पण केवळ लोब सेपरेशन कमी करूनही तसाच आवाज काढता येतो, ताकद वाढो न वाढो.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. ओव्हरलॅप वाढला की व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत आवाजाच्या हौसेपायी ब्रेक कमजोर करणे मला मुळीच मान्य नाही. मोठा कॅम हवाच असेल, तर व्हॅक्यूमची टाकी, वेगळा पंप किंवा व्हॅक्यूमवर न चालणारी ब्रेकव्यवस्था आधी करा.

गैरसमज ३ : दोन कॅमची तुलना जाहिरातीतल्या ड्युरेशनवरून करता येते.

वस्तुस्थिती : जाहीर ड्युरेशन टॅपेट (कॅमच्या लोबवर टेकणारा भाग) किती उचलला गेल्यापासून मोजायची, यावर सगळ्या कंपन्यांचे एकमत नाही. कोणी ०.००४ इंच धरतो, कोणी ०.००६. म्हणून तुलना करायची ती टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलला गेल्यावर मोजलेल्या ड्युरेशनची.

एकाच कंपनीचे दोन कॅम पाहा. कॉम्पचा जुन्या हाय एनर्जी मालिकेतला २६८एच आणि नंतरचा एक्सई २६८एच या दोघांच्या नावात २६८ आहे. पण ०.०५० इंचावर पहिल्याची इनटेक ड्युरेशन २१८ अंश आहे आणि दुसऱ्याची २२४. म्हणजे दुसरा कॅम व्हॉल्व्ह जास्त झपाट्याने उचलतो. तेवढ्याच वेळात जास्त हवा आत जाते, पण स्प्रिंग आणि टॅपेटवरचा ताणही वाढतो.

गैरसमज ४ : लिफ्ट जास्त घेतली की पिस्टन व्हॉल्व्हला आदळतो, लिफ्ट कमी ठेवली की धोका नाही.

वस्तुस्थिती : लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते माप. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन पुष्कळ खाली गेलेला असतो. दोघांमधले अंतर सर्वांत कमी असते ते ओव्हरलॅपच्या वेळी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी ते टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थितीच्या) सुमारे १० अंश आधी येते आणि इनटेकसाठी सुमारे १० अंश नंतर. त्यामुळे ड्युरेशन, लोब सेपरेशन आणि कॅम किती पुढेमागे बसवला आहे, यांचा परिणाम कमाल लिफ्टपेक्षा जास्त होतो. कमी लिफ्टचा पण लांब ड्युरेशनचा कॅमसुद्धा पिस्टनला लागू शकतो. इनटेकला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच मोकळीक ठेवण्याचा प्रघात आहे. ती प्लॅस्टिसिन लावून किंवा डायल गेजने प्रत्यक्ष मोजावी.

लिफ्टची खरी मर्यादा हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागात, असते. ठरावीक लिफ्टच्या पुढे हेडमधून हवा वाढत नसेल, तर जादा लिफ्ट फक्त स्प्रिंगा थकवते. १९९६ पासूनच्या शेव्हरोलेच्या व्होर्टेक हेडची हवा चांगली वाहते, म्हणून ती लोकप्रिय आहेत. पण मूळ अवस्थेत साधारण ०.४६ ते ०.४७ इंचांच्या पुढे त्यांत स्प्रिंगचा रिटेनर खालच्या सीलला भिडण्याची भीती असते. एक्सई २६८ ची लिफ्ट ०.४७७ इंच आहे आणि तीही १.५ रेशोच्या, म्हणजे टॅपेटची उचल दीडपट करणाऱ्या, रॉकरने. १.६ चे रॉकर लावले तर ती ०.५०९ होते. हेडचे काम करून न घेता हा कॅम त्यांच्यासोबत वापरणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे.

गैरसमज ५ : कॉम्प्रेशन रेशो आणि कॅम यांचा एकमेकांशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत घट्ट संबंध याच दोघांचा आहे. कॅमच्या चार घटनांमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या उघडण्या-मिटण्यामध्ये, इनटेक व्हॉल्व्हचे मिटणे सर्वांत महत्त्वाचे. तो मिटेपर्यंत सिलिंडरमध्ये खरे कॉम्प्रेशन सुरूच होत नाही.

एक्सई २६८ ची इनटेक सेंटरलाइन (टीडीसीनंतर किती अंशांनी इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो कोन) १०६ अंशांवर ठेवली, तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनने तळ सोडल्यानंतर ६० अंशांनी मिटतो. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच आणि कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. या मापांनी त्या क्षणी पिस्टन सुमारे ०.६७ इंच वर आलेला असतो आणि कॉम्प्रेशनसाठी २.८१ इंच उरतात. मूळ रेशो ९.५ असला, तरी प्रत्यक्ष कामाचा रेशो ७.९ च्या आसपास येतो. एक्सई २८४ तशाच बसवला, तर व्हॉल्व्ह ६८ अंशांनी मिटतो, २.६२ इंच उरतात आणि रेशो ७.४ होतो. आता समजा, इंजिन ८.५ रेशोचे आहे, जसे सत्तरच्या दशकातले कितीतरी होते. त्यात एक्सई २८४ घातला, तर कामाचा रेशो ६.७ वर घसरतो. असे इंजिन खालच्या आरपीएमला मरगळते, पेट्रोल पिते आणि वरही अपेक्षेइतके देत नाही.

उलटी चूकही होते. मूळ रेशो १०.५ किंवा ११ चा आणि कॅम लहान, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर मिटणार. मग पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी भडकते, आणि पिस्टन फुटण्यापर्यंत पाळी येते. लोखंडी हेड आणि पंपावरचे पेट्रोल असेल, तर अनुभवी इंजिन-बांधणारे हा कामाचा रेशो साधारण ८ च्या आसपास ठेवतात. म्हणून पिस्टन आणि हेड गॅस्केट मागवण्याआधीच कॅमचा विचार झाला पाहिजे.

गैरसमज ६ : टायमिंग गिअरच्या खुणा जुळल्या की कॅम बरोबर बसला.

वस्तुस्थिती : खुणा जुळल्या म्हणजे चेन योग्य दातावर आहे, एवढेच कळते. गिअर, चेन, क्रँकची चावी आणि कॅम यांतले सूक्ष्म फरक एकत्र आले की काही अंशांची तफावत सहज पडते. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) आणि टॅपेटवर डायल गेज लावून इनटेक सेंटरलाइन मोजावी आणि कॅमसोबत आलेल्या कार्डाशी पडताळावी. कॅम पुढे घेतला की इनटेक लवकर मिटतो आणि ताकद खाली सरकते. मागे घेतला की वर सरकते. बऱ्याच कॅममध्ये कंपनीनेच ४ अंशांची आघाडी घासून दिलेली असते. हे न पाहता आणखी ४ अंश पुढे घेतले, तर कॅमचा स्वभावच बदलतो.

गैरसमज ७ : कॅम बदलला की काम संपले.

वस्तुस्थिती : ड्रॅग शर्यतीत गाडी सुटताना आणि प्रत्येक गिअर बदलल्यावर इंजिनाचा आरपीएम खाली येतो. तो कॅमच्या पट्टीबाहेर गेला, तर कमाल हॉर्सपॉवर कितीही असो, वेळ वाया जातो. ऑटोमॅटिक गाडीत हे टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड, म्हणजे गाडी थांबलेली असताना कन्व्हर्टर इंजिनाला जेवढ्या आरपीएमपर्यंत चढू देतो तो वेग, सांभाळतो. एक्सई २८४ सारख्या कॅमला मूळ कन्व्हर्टर चालत नाही. त्याला ३,००० आरपीएमच्या आसपास स्टॉल होणारा कन्व्हर्टर आणि ३.७३ किंवा ४.१० चा अॅक्सल लागतो. मग ४.१० च्या अॅक्सलने आणि त्याच २७ इंची टायरवर ताशी १०० ला इंजिन सुमारे ३,१७० आरपीएमवर ओरडत राहते. रोजच्या वापरात हे सोसणार का, ते आधी ठरवा.

स्प्रिंगांचेही तसेच. जुन्या, मऊ स्प्रिंगांवर झपाट्याने उचलणारा कॅम चढवला, तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबचा माग सोडतो आणि कॅमचा सगळा फायदा तिथेच संपतो.

गैरसमज ८ : नवा फ्लॅट टॅपेट कॅम बसवला की लगेच गाडी चालवता येते.

वस्तुस्थिती : फ्लॅट टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित उतरता. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरतो आणि झीज सारखी होते. ही जोडी पहिल्या काही मिनिटांतच जमते किंवा बिघडते. म्हणून इंजिन सुरू होताच ते आयडलला न ठेवता २,००० आरपीएमच्या वर नेऊन २० ते ३० मिनिटे थोडे वरखाली करत चालवतात, कारण लोबवर येणारे तेल मुख्यतः फिरत्या क्रँकने उडवलेले असते. तेलात झिंक आणि फॉस्फरसचे पुरेसे प्रमाण हवे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या काळातल्या साध्या तेलांत ते कमी केलेले आहे. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही लावू नयेत. रोलर टॅपेटला हा सोपस्कार लागत नाही. शेव्हरोलेने १९८७ पासून ३५० मध्ये हायड्रॉलिक रोलर आणले.

मग निवड कशी करावी?

कॅम कंपनीच्या माणसाला किंवा आपल्या इंजिन-बांधणाऱ्याला विचारण्याआधी पुढची माहिती लिहून काढा : गाडीचे वजन, टायरची उंची, अॅक्सलचा रेशो, गिअरबॉक्स, कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड, इंजिनाची क्षमता, मूळ कॉम्प्रेशन रेशो, हेडमधून वाहणाऱ्या हवेचे आकडे, ब्रेक व्हॅक्यूमवर आहेत का, आणि वर्षभरात गाडी पट्टीवर किती व रस्त्यावर किती चालणार. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर सर्वांत प्रामाणिकपणे द्या, कारण स्वतःला फसवण्याची सवय तिथेच नडते. इंजिनाची क्षमताही विसरू नका. ३५० मध्ये दांडगा वाटणारा कॅम ३८३ किंवा ४०० घनइंचांत बराच सौम्य वागतो.

एवढे करूनही दोन कॅममध्ये मन अडकले, तर रस्त्यावरच्या गाडीसाठी लहान कॅम घ्या. तो पाव मैलात थोडा वेळ गमावेल, पण रोज सुरू होईल, ब्रेक धरेल, आणि जे गिअर व कन्व्हर्टर गाडीत आधीच आहेत त्यांच्याबरोबर पूर्ण क्षमतेने काम करेल. गाडीला न जुळणारा मोठा कॅम रस्त्यावरही हरवतो आणि पट्टीवरही.